कुळथाचा दाणा आणि माणसाचे रक्त

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानावर बोलायचे म्हटले की श्रोत्यांना वाटते, वक्ता आता अवकाशयानाविषयी किंवा संगणकाविषयी बोलणार. मी आज आपल्यापुढे कुळथाविषयी बोलणार आहे. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात, घाटावर हुलगे म्हणतात आणि हिंदी-उर्दूत कुलथी म्हणतात, तेच हे कडधान्य. भाताची कापणी झाली की शेतात उरलेल्या ओलीवर ते येते. घाटावर जिथे पाऊस कमी आणि जमीन हलकी, तिथेही ते तग धरते. इंग्रजीत त्याला घोड्यांचा चणा अशा अर्थाचे नाव आहे. गुराढोरांना घालायचे आणि गरिबाने पिठी करून भाताबरोबर खायचे, एवढीच त्याची प्रतिष्ठा!

परंतु जगभरातील रक्तपेढ्यांत आज एक लहानशी बाटली वापरली जाते. तिच्यावर 'अँटी-ए-वन लेक्टिन' असे लिहिलेले असते. तिच्यातील द्रव हा कुळथाच्या दाण्यांचा अर्क असतो. माणसाच्या रक्तातील एक अतिशय सूक्ष्म फरक तो अर्क ओळखतो, आणि ही गोष्ट प्रथम आपल्या महाराष्ट्रात, पुणे शहरात उजेडात आली. हा शोध काय आहे, तो कसा लागला, त्याचा उपयोग काय आणि त्यातून आपण घरी काय न्यायचे, हे सोप्या शब्दांत सांगण्याचा मी प्रयत्न करतो.

लेक्टिन म्हणजे काय?

आपल्या रक्ताच्या एका थेंबात लाखो तांबड्या पेशी असतात. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या-छोट्या साखळ्या उभ्या असतात. ही साखर म्हणजे चहातील साखर नव्हे. तिच्याच कुळातील निरनिराळे रेणू. त्या साखळीच्या टोकाला कोणता रेणू आहे, यावर माणसाचा रक्तगट ठरतो.

लेक्टिन हे एक प्रकारचे प्रथिन आहे. विशिष्ट साखर ओळखून तिला चिकटणे हा त्याचा गुणधर्म. कुलपाला जशी त्याचीच किल्ली लागते, तसे प्रत्येक लेक्टिनला त्याची ठरावीक साखर लागते. शिवाय लेक्टिनच्या एका रेणूला असे चिकटण्याचे एकापेक्षा अधिक 'हात' असतात. एका हाताने तो एक पेशी धरतो, दुसऱ्या हाताने शेजारची पेशी धरतो. अशा लाखो जोड्या जुळल्या की एकसारख्या दिसणाऱ्या रक्तात डोळ्यांना दिसतील असे पुंजके तयार होतात. जखमेवर रक्त साकळते ती क्रिया वेगळी आणि ही वेगळी, एवढे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. रक्त साकळताना रक्तद्रवात धागे तयार होतात. येथे मात्र पेशीच एकमेकींना बांधल्या जातात.

लेक्टिने अनेक वनस्पतींत आणि प्राण्यांतही आढळतात. पण शेंगा येणाऱ्या वनस्पतींच्या बियांत ती विशेष मुबलक असतात. म्हणूनच या शास्त्राच्या इतिहासात वाण्याच्या दुकानातील कडधान्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात.

एरंडापासून डबल बीपर्यंत

या अभ्यासाची सुरुवात १८८८ साली झाली. त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील डोर्पाट विद्यापीठात (ते शहर आज एस्टोनियात असून त्याचे नाव तार्तू आहे) हरमान स्टिलमार्क नावाचा विद्यार्थी एरंडाच्या बियांतील विषाचा अभ्यास करीत होता. तो अर्क रक्तात मिसळताच तांबड्या पेशींचे पुंजके होतात, असे त्याला दिसले. लवकरच आपल्या गुंजेच्या बियांतही तसेच द्रव्य सापडले. सोनाराच्या तराजूत आठ गुंजांचा मासा धरीत, तीच ही गुंज.

पुढे १९०१ साली व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी माणसांच्या रक्ताचे गट असतात हे दाखवून दिले आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका माणसाचे रक्त दुसऱ्याला चालते आणि तिसऱ्याला का चालत नाही, हे त्यामुळे प्रथमच समजले. परंतु रक्तगट तपासायला माणसांच्याच रक्तातील सीरम लागे. एखादे बीदेखील माणसांचे रक्तगट ओळखत असेल, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

ते ध्यानी आले १९४५ साली. अमेरिकेत बोस्टन येथे विल्यम बॉइड यांनी सहायकाला दुकानातून वाळलेल्या लिमा बीन आणायला सांगितल्या. लिमा बीन म्हणजे आपल्याकडे बाजारात जिला डबल बी म्हणतात ती. तिच्या अर्काने ए गटाच्या रक्ताचे चांगले पुंजके केले, ओ गटाच्या रक्ताचे केले नाहीत. आपण नेमकी डबल बीच का मागविली हे आपल्याला सांगता येणार नाही, दुसरे कोणतेही कडधान्य आणले असते तर बहुधा काहीच हाती लागले नसते, असे बॉइड यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. १९५४ साली त्यांनीच या प्रथिनांना 'लेक्टिन' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'निवडणे' या अर्थाचा जो धातू आहे, त्यावरून ते घेतले आहे. निवडून घेणारे म्हणून लेक्टिन!

पुण्यातील शोध

मित्रहो, आता आपल्या कुळथाकडे येऊ. बॉइड यांचे काम प्रसिद्ध झाल्यावर अनेक देशांत निरनिराळ्या बिया तपासण्याचे काम सुरू झाले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या रक्तसंक्रमण विभागात जी. डब्ल्यू. जी. बर्ड हे डॉक्टर काम करीत होते. त्यांनी आपल्याकडे मिळणाऱ्या बिया तपासल्या. त्यांत कुळीथही होता. १९५१ साली बंगळूरहून निघणाऱ्या 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांनी आपली पहिली टिपणी प्रसिद्ध केली आणि १९५२ साली लंडनच्या 'नेचर' या जगप्रसिद्ध साप्ताहिकात त्याच विषयाचा पुढचा भाग दिला.

त्यांना काय आढळले? आपण ज्याला सरसकट 'ए' गट म्हणतो, त्याचे दोन मुख्य उपगट आहेत: ए-१ आणि ए-२. युरोपातील ए गटाच्या माणसांत पाचांपैकी सुमारे चार ए-१ असतात. उरलेले बहुतेक ए-२. दोहोंच्या साखळीच्या टोकाला साखर तीच. तिचे रासायनिक नाव एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसमीन. नाव लांबलचक आहे, ते पाठ करायची गरज नाही. आपण तिला 'ए-साखर' म्हणू. ए-१ पेशीवर या ए-साखरेच्या सुमारे आठ ते दहा लाख खुणा असतात. ए-२ पेशीवर जेमतेम अडीच ते तीन लाख. शिवाय साखळ्यांच्या बांधणीतही थोडा फरक असतो. कुळथाचा अर्क योग्य प्रमाणात पातळ केला, की तो ए-१ पेशींचे लगेच पुंजके करतो आणि ए-२ पेशींना स्पर्शही केल्यासारखे दिसत नाही. बी आणि ओ गटाच्या पेशींकडे तर तो ढुंकूनही पाहत नाही.

'योग्य प्रमाणात पातळ केला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. अर्क दाट असेल तर तो ए-२ पेशींनाही पकडतो. म्हणून अर्क करताना दाणे दळून, मिठाच्या सौम्य पाण्यात भिजवून, गाळून घेतात आणि मग तो पायरीपायरीने पातळ करीत प्रत्येक पायरीवर माहितीतल्या ए-१ आणि ए-२ पेशींशी ताडून पाहतात. जिथे एक पकडली जाते आणि दुसरी सुटते, ती पायरी धरायची. या कामाला दळण, मीठ आणि गाळणे यांहून अवघड असे काही लागत नाही. लागते ती चिकाटी आणि नोंदवही.

पुढे बर्ड इंग्लंडला गेले. १९६४ साली त्यांनीच भुईमुगाच्या दाण्यातील लेक्टिनचा एक गुण दाखवून दिला. त्याविषयी पुढे सांगतो. कुळथातील हे लेक्टिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढून त्याचा रासायनिक अभ्यास करण्याचे काम १९७० च्या सुमारास अमेरिकेत मॅरिलिन एट्झलर या विदुषीने एल्विन कबाट यांच्याबरोबर केले. ते चार भागांचे मिळून बनलेले मोठे प्रथिन आहे, असे त्यातून समजले. दरम्यान वनस्पतिशास्त्रज्ञांनी कुळथाचे शास्त्रीय नाव बदलले. पूर्वीचे 'डॉलिकॉस बायफ्लोरस', म्हणजे दोन फुलांचा. आताचे 'मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम', म्हणजे एका फुलाचा. रक्तपेढीतील बाटलीवर मात्र अजूनही जुनेच नाव चालते.

या फरकाचा उपयोग काय?

कोणी विचारील, ए-१ काय आणि ए-२ काय, दोन्ही ए गटच ना? बहुतेक वेळा हे खरेच आहे. परंतु काही प्रसंगी हा फरक कळणे अगत्याचे असते.

पहिला प्रसंग रक्तपेढीतला. तेथे रक्तगट दोन बाजूंनी तपासतात. एकदा माणसाच्या पेशी तपासतात आणि एकदा त्याचे सीरम माहितीतल्या पेशींबरोबर तपासतात. दोन्ही उत्तरे जुळली पाहिजेत. आता ए-२ गटाच्या काही माणसांच्या आणि ए-२-बी गटाच्या बऱ्याच माणसांच्या सीरममध्ये ए-१ पेशींविरुद्ध प्रतिपिंडे असतात. अशा माणसाच्या पेशी सांगतात 'ए', पण त्याचे सीरम तपासणीच्या ए-१ पेशींशी भांडते. दोन उत्तरे जुळत नाहीत आणि बाटली अडून राहते. अशा वेळी तंत्रज्ञ कुळथाचा अर्क काढतो. पुंजके झाले नाहीत, तर तो ए-२ आहे असे समजते आणि कोडे सुटते. ही प्रतिपिंडे बहुधा थंड तापमानालाच काम करतात व सहसा अपाय करीत नाहीत. पण क्वचित शरीराच्या तापमानालाही करतात, आणि तेव्हा रक्त निवडून द्यावे लागते.

दुसरा प्रसंग नवजात बालकाचा. जन्माच्या वेळी ए-साखरेच्या खुणा पूर्ण उमटलेल्या नसतात. त्यामुळे पुढे ए-१ ठरणारे मूल जन्मतः ए-२ सारखे वागते. आईबापांच्या गटांशी ताडताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

तिसरा प्रसंग मूत्रपिंडाच्या रोपणाचा, आणि तो सर्वांत मोलाचा. ए गटाच्या दात्याचे मूत्रपिंड बी किंवा ओ गटाच्या रोग्याला सामान्यतः चालत नाही. पण दाता ए-२ असेल तर त्याच्या पेशींवर खुणा कमी असल्याने, रोग्याच्या रक्तातील प्रतिपिंडे कमी असल्यास असे मूत्रपिंड चालू शकते. अमेरिकेत २०१४ सालापासून लागू झालेल्या वाटपाच्या नियमांत, ए-२ दात्यांची मूत्रपिंडे बी गटाच्या रोग्यांना देण्याची तरतूद आहे. कारण बी गटाच्या रोग्यांना फार काळ थांबावे लागते. दाता ए-१ की ए-२, हे ठरविण्याच्या कामी कुळथाचे लेक्टिन वापरतात. आपल्याकडे मुतखड्यावर कुळथाचे कढण देण्याची घरगुती चाल आहे. तिचा आणि या लेक्टिनचा काही संबंध नाही. पण कुळीथ आणि मूत्रपिंड यांची गाठ अशी भलत्याच वाटेने पडावी, ही मौजेची गोष्ट आहे.

मुंबई रक्तगट

ज्या १९५२ साली बर्ड यांचा लेख 'नेचर'मध्ये आला, त्याच साली मुंबईतही एक मोठा शोध लागला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एका नव्या रक्तप्रकाराची माहिती दिली. आज जग त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणते.

हा प्रकार समजून घेणे सोपे आहे. ए, बी आणि ओ या तिन्ही गटांच्या पेशींवर मुळात एक पायाभूत खूण असते. तिला 'एच' म्हणतात. या पायावर ए-साखर बसली की ए गट, बी-साखर बसली की बी गट. काहीच बसले नाही, नुसता पाया राहिला, की ओ गट. मुंबई गटाच्या माणसांत हा पायाच नसतो. साध्या तपासणीत ती माणसे ओ गटाची दिसतात. पण त्यांच्या सीरममध्ये 'एच' विरुद्ध प्रतिपिंडे असतात, म्हणून त्यांना ओ गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतते. त्यांना फक्त मुंबई गटाचेच रक्त चालते. मुंबई भागात असे लोक सुमारे दहा हजारांत एक आढळतात. युरोपात फारच विरळ. अशा माणसाची ओळख सीरमच्या तपासणीने होते, आणि पेशींवर 'एच' नाही याची खात्री करायलाही एका शेंगवर्गीय झुडपाचे, युरोपातील युलेक्सचे, लेक्टिन वापरतात.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण याचा आपल्या घरांशी संबंध आहे. हा गुण मुलात यायचा तर आई आणि वडील दोघांकडूनही त्याचा वारसा यावा लागतो. जिथे नात्यात लग्ने होतात तिथे असा योग येण्याचा संभव वाढतो. चुलत-मावस नात्यातील विवाह आपल्या समाजात होतात. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातील इतर अनेक समाजांतही आहे. यात कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. एवढेच सांगणे आहे की, घरात कोणाचा मुंबई गट निघाला तर त्याच्या सर्व सख्ख्या भावंडांची तपासणी जरूर करून घ्या. प्रत्येक भावंडाचाही तोच गट असण्याचा संभव चारांत एक असतो, आणि एकमेकांच्या अडीअडचणीला तीच भावंडे कामी येतात.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. 'माझा ओ गट, मला कोणाचेही रक्त चालेल' असे पुष्कळ लोक म्हणतात. गोष्ट उलटी आहे. ओ गटाच्या तांबड्या पेशी, त्यातही ओ निगेटिव्ह, अडीअडचणीला इतरांना देता येतात. पण ओ गटाच्या माणसाला ओ गटाचेच रक्त घ्यावे लागते.

इतर शेंगांचे गुण

कुळथाच्या भावंडांनीही मोठी कामे केली आहेत. त्यांतील तीन थोडक्यात सांगतो.

भुईमूग: तांबड्या पेशींवर 'टी' नावाची एक खूण झाकलेली असते. काही जंतूंच्या गंभीर संसर्गात, विशेषतः लहान मुलांच्या न्यूमोनियात कधी कधी, जंतूंचे विकर वरचे झाकण कापून टाकते आणि ती खूण उघडी पडते. मग रक्ताच्या तपासणीत गोंधळ होतो. ही उघडी खूण भुईमुगाचे लेक्टिन ओळखते. बर्ड यांनी १९६४ साली दाखविलेला गुण तो हाच.

राजमा: राजम्याचे लेक्टिन तांबड्या पेशी बाजूला काढण्यासाठी वापरीत असत. १९६० साली अमेरिकेत पीटर नॉवेल यांच्या लक्षात आले की, मागे राहिलेल्या पांढऱ्या पेशी त्यामुळे वाढू लागतात आणि विभागू लागतात. पेशी विभागत असतानाच तिच्यातील गुणसूत्रे मोजता येतात. त्यामुळे माणसाच्या रक्ताचे थोडेसे थेंब घेऊन गुणसूत्रांचे दोष पाहणे शक्य झाले. डाउन सिंड्रोमसारख्या व्यंगाची गुणसूत्र तपासणी आजही राजम्याच्या या लेक्टिनच्या साहाय्याने होते.

जॅक बीन: ही उष्ण प्रदेशातील शेंग आपल्या अबईच्या शेंगेची जवळची नातेवाईक. तिच्यातून जेम्स समनर यांनी १९१९ साली 'कॉनकॅनॅव्हॅलिन-ए' हे लेक्टिन स्फटिकरूपात काढले, आणि १९२६ साली त्याच शेंगेतून युरिएज नावाचे विकर स्फटिकरूपात काढून, विकर हे प्रथिन असते असे दाखविले. १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. विद्यार्थ्यांना यांच्याविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. समनर डावखुरे होते आणि सतराव्या वर्षी शिकारीतील अपघातात त्यांचा नेमका डावाच हात गेला. एक हात असलेल्या माणसाने रसायनशास्त्राच्या वाटेला जाऊ नये असा सल्ला त्यांना विद्यापीठात मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही!

स्वयंपाकघरात काय लक्षात ठेवावे?

बियांत लेक्टिन असते ते झाडाच्या स्वतःच्या कामासाठी. किडे आणि जनावरे यांपासून बीजाचे रक्षण करणे हा त्याचा एक उपयोग मानतात. मुळांशी नत्र देणारे जंतू गाठी करून राहतात, हे विद्यार्थ्यांनी शाळेत वाचले आहे. त्या जंतूंची रासायनिक हाक ओळखण्यातही एका वेगळ्या लेक्टिनचा हात असतो, हे एट्झलर यांच्या गटाने १९९९ साली कुळथाच्याच मुळांवर दाखविले.

मग ही लेक्टिने आपण खातो त्याचे काय? माताभगिनींनी याची काळजी करू नये. पण काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

लेक्टिन हे प्रथिन असल्यामुळे चांगल्या उकळीने ते निकामी होते. कुळथाची पिठी खळखळून शिजवण्याची, हुलग्याचे शेंगोळे उकळत्या पाण्यात सोडण्याची, वाल भिजवून, सोलून, शिजवून खाण्याची आपली जुनी रीत अगदी योग्य आहे. राजम्याची मात्र विशेष काळजी घ्यावी. इंग्लंडमध्ये १९७६ साली सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांनी नुसते भिजविलेले कच्चे राजमे खाल्ले आणि ती सर्वच्या सर्व उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. चार-पाच कच्चे दाणेही त्रास द्यायला पुरतात. राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात चांगला उकळून मऊ शिजवावा. आपला प्रेशर कुकर या कामाला उत्तम. विजेच्या मंद आचेच्या भांड्यात तो कच्चा टाकू नये. तेथील उष्णता अपुरी पडते. कच्च्या मोडांची हौस मुगापुरती ठेवावी. राजम्याचे मोड कच्चे खाऊ नयेत.

अलीकडे परदेशातून एक टूम आली आहे की, लेक्टिन घातक, म्हणून डाळी-कडधान्येच सोडा. डाळ हे आपल्याकडील सामान्य कुटुंबाचे प्रथिनांचे मुख्य साधन आहे. नीट शिजविलेली डाळ सोडण्यास काही कारण नाही.

आणि मुलांविषयी एक कळकळीची सूचना. एरंडाच्या बिया आणि लालभडक गुंजा यांतही याच कुळातील प्रथिने आहेत. पण ती जालीम विषे आहेत. पेशीत शिरून ती तिचे प्रथिन बनविण्याचे कामच बंद पाडतात. अखंड गुंज गिळली तर कठीण टरफलामुळे ती पुष्कळदा तशीच बाहेर पडते. पण चावलेली किंवा भोक पाडलेली गुंज प्राणघातक ठरू शकते. गुंजांच्या माळा, खुळखुळे लहान मुलांच्या हाती देऊ नका. मुलाने अशी बी चावली असे कळताच, लक्षणांची वाट न पाहता त्याला इस्पितळात न्या आणि बी बरोबर घ्या.

विद्यार्थी आणि पालकांस

माझे बोलणे आता आवरते घेतो.

पालकांना माझी विनंती अशी की, घरातील प्रत्येकाचा रक्तगट मान्यताप्राप्त रक्तपेढीत किंवा प्रयोगशाळेत तपासून त्याची नोंद शिधापत्रिकेइतकीच जपून ठेवा. सुदृढ असाल तर रक्तदान करा. तपासणीच्या काचेवर रक्ताचा थेंब पडला की त्याला आडनाव राहत नाही, गाव राहत नाही. राहतो तो फक्त गट. आज आपण दिलेली बाटली कोणाला जाईल हे आपल्याला ठाऊक नसते, आणि उद्या आपल्या मुलाला मिळणारी बाटली कोणी दिली हेही ठाऊक नसते. या देवघेवीवरच इस्पितळे चालतात.

दुसरी विनंती मुलींच्या शिक्षणाविषयी. कुळथाचे लेक्टिन शुद्ध करणाऱ्या एट्झलर या स्त्री. ए गटाची खूण म्हणजे अमुक साखर, हे लेक्टिनांच्याच मदतीने मॉर्गन यांच्याबरोबर ठरविणाऱ्या लंडनच्या विनिफ्रेड वॉटकिन्स याही स्त्री. मुंबई गटाच्या त्या १९५२ च्या लेखावरही त्यांचे नाव आहे. आपल्या मुली कुळीथ निवडतात, दळतात, शिजवतात. त्या दाण्यात काय आहे हे शोधण्याची संधीही त्यांना मिळाली पाहिजे. बारावीला विज्ञान घेतलेल्या मुलीचे शिक्षण मध्येच थांबवू नका. रक्तपेढीतील तंत्रज्ञाचा अभ्यासक्रमही प्रतिष्ठेचा आणि उपयोगाचा आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, कुळीथ हजारो वर्षे आपल्या शेतात होता. मीठ आणि पाणीही होते. कमी होती ती 'हा दाणा रक्ताशी काय करतो?' असे विचारून, मिळालेले उत्तर पुन्हा पुन्हा ताडून पाहणारी व्यक्ती. ती पुण्यात निघाली. रक्ताचे प्रयोग तुम्ही घरी करू नका; ते प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचे असतात. पण प्रश्न विचारायला, निरीक्षण करायला आणि वहीत तारीख घालून नोंद करायला प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या आवारात, शेतात आणि डोंगरात अजून कितीतरी बिया आहेत.